ठेवणीतली ड्रिलं

हल्ली सकाळी बूट घालायला बसलो की पाच-दहा मिनिटं तसाच बसून राहतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "गेलात का?" मी म्हणतो, "निघालोच," आणि तरीही बसूनच असतो. एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली, पहाटे उठून फर्स्ट शिफ्टला गेलो, सणावाराला ओव्हरटाइम केला, पण असा कंटाळा कधी आला नव्हता. तेव्हा हात दुखायचे, खांदे दुखायचे. आता कुठे काही दुखत नाही, नुसतं जिवावर येतं. आणि आता तर मी रिटायर माणूस आहे. मुलीच्या कंपनीत जातो, हौसेने. निदान सोसायटीत तरी मी तसंच सांगतो.

मुलगी आधी हिंजवडीला होती, माणच्या अलीकडे, थर्ड फेजला. शिकली मेकॅनिकल आणि करत होती सॉफ्टवेअर. निगडीहून कंपनीची कॅब न्यायला यायची आणि वाकडच्या पुलापाशी अर्धं आयुष्य जायचं. एका शनिवारी दुपारी जेवताना म्हणाली, "बाबा, मी पेपर टाकले." मला वाटलं दुसरीकडे जास्त पगार मिळाला असेल. बायकोला वाटलं लग्न ठरवलं असेल, तिचा चेहराच उजळला. दोघांचंही चुकलं. ती आणि तिच्याबरोबर कामाला असलेला एक मित्र मिळून कंपनी काढणार होते.

"कसली?" मी विचारलं.

"ड्रिलची."

मी खूष झालो. म्हटलं, शेवटी बापाच्या वळणावर गेली. "म्हणजे ड्रिल बनवून विकणार?"

"विकणार नाही. ड्रिल आमचंच राहणार. आम्ही होल विकणार."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. "भोक? अगं, जिथं काहीच नसतं त्याला भोक म्हणतात. ते कोण विकत घेणार?"

बायको म्हणाली, "त्यापेक्षा मेदूवडे विक म्हणावं. भोकासकट जातात."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि समजावून सांगायला लागली. वर्कशॉपवाला ड्रिल विकत घेतो. ते जितक्या लवकर झिजेल तितकं विकणाऱ्याचं भलं, कारण लगेच दुसरं खपतं. म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघांचे रस्ते उलटे. ती म्हणाली, ड्रिल आम्ही देऊ, धार आम्ही लावू, लवकर झिजू नये म्हणून वर कोटिंग आम्ही करू, वर्कशॉपने फक्त मशिनवर जितकी होल पडतील तितक्याचे पैसे द्यायचे. मग ड्रिल जितकं टिकेल तितकं आमचंच भलं, आणि त्यांचंही.

एकतीस वर्षं मी ड्रिलवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, की साले मुद्दाम लवकर झिजणारा माल देतात. त्यावर उपाय असा असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तिचं शंभर टक्के पटलं. पण तोंडाने मी म्हणालो, "बघ बाई. तुमचं वय आहे उड्या मारायचं." पटलं तर तसं म्हणायला काय झालं होतं, देव जाणे. आमच्या पिढीत बापाने लगेच हो म्हणायचं नसतं, एवढंच.

पुढचे सात-आठ महिने ती चाकण, भोसरी, तळवडे पालथं घालत होती. पर्चेसवाले तिला चहा पाजायचे, कौतुक करायचे आणि शेवटी विचारायचे, "मॅडम, आयडिया झकास आहे, पण तुम्ही वर्षभराने असाल का?" तिचे साठवलेले पैसे संपत आले. मित्राला घरून रोज ऐकून घ्यावं लागत होतं. पैसे गुंतवणारा एकजण भेटला होता, त्याची अट सरळ होती : एका तरी वर्कशॉपमध्ये तीन महिने हे चालवून दाखवा, मग पैसे देतो. नाही चाललं तर मिटवा. म्हणजे एक वर्कशॉप मिळालं आणि चाललं तर कंपनी, नाहीतर परत हिंजवडीची कॅब. ती परत गेली असती तर कुणी उपाशी मरणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी मीच तिला घेऊन म्हाळुंगे रस्त्यावरच्या एका शेठकडे गेलो. वीसेक मशिनचं वर्कशॉप, गाड्यांचे ब्रॅकेट बनवतात. शेठची माझी तोंडओळख होती, पण खरी ओळख होती त्याच्या टूल स्टोअरवाल्याची. तो माझा शागीर्द.

पंचवीस वर्षांपूर्वी तो लातूरकडच्या एका खेड्यातून आमच्या टूलरूममध्ये कॉन्ट्रॅक्टवर आला. घरी वडिलांचं सायकलचं दुकान. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची रीत, म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून उस्ताद म्हणाला. त्याचं ऐकून टूलरूम म्हणायला लागली आणि मग सगळी भोसरी. ग्राइंडरवर ड्रिलला हाताने धार कशी लावायची ते मी त्याला शिकवलं. सहा महिन्यांत त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला झाला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, पर्मनंट कुणी करेना, तेव्हा मीच त्याला या शेठकडे चिकटवून दिलं. तिथे जाळीची एक खोली, तिला एक खिडकी, आणि आत तो. ऑपरेटरने खिडकीशी जायचं, तुटलेलं ड्रिल दाखवायचं, तो दुसरं काढून देणार. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. शेठलासुद्धा काही हवं असलं तर खिडकीशीच यावं लागायचं.

शेठने मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, तुम्ही म्हणताय म्हणून."

ठरलं असं : तीन महिने चालवून बघायचं. किती होल पडली ते मशिनच मोजणार. ड्रिलं मागाल तशी मिळणार. मुलीचं म्हणणं होतं की वापरलेली ड्रिलं दर आठवड्याला परत घेऊ आणि मोजू. मी तिला तिथेच झापलं. म्हटलं, "स्टोअरला माझा माणूस आहे. त्याच्यावर तू पहारा बसवणार? मला तोंड दाखवायला जागा ठेवणारेस की नाही?" तिचा मित्र काहीतरी बोलायला गेला तर तिने त्याला खुणेने थांबवलं. ठीक आहे म्हणाली, तीन महिन्यांनी सगळी एकदम उचलू. माझ्या शब्दाखातर. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे तिने मला एकदाही हे ऐकवलं नाही.

पहिला महिना ठीक गेला. दुसऱ्या महिन्यात गडबड सुरू झाली. ड्रिलं भराभर संपत होती. एक ड्रिल जेवढी होल मारेल असं तिने धरलं होतं, त्याच्या निम्मीसुद्धा पडत नव्हती. आणि वर शेठचे फोन. होल मोठं पडतंय, जॉब, म्हणजे तयार होणारे ब्रॅकेट, रिजेक्ट होतायत, आज ड्रिल जॉबमध्येच तुटून अडकलं. ती भोसरीच्या कोटिंगवाल्याशी भांडून आली. धारेचा अँगल बदलून बघितला. घरी हॉलमध्ये भिंग लावून ड्रिलं बघत बसायची, आणि मी मागे उभा राहून अक्कल शिकवायचो.

"कूलंट बघितलंस का?"

"बघितलं."

"मग फीड जास्त असेल, ड्रिल घाईने आत जात असेल."

"बाबा, काल तुम्ही म्हणालात फीड कमी आहे. रोज एक नवीन कारण काढता. मदत करायची नसेल तर निदान टीव्ही तरी बघा."

मला राग आला. मी टीव्हीसमोर जाऊन बसलो आणि मनात म्हणालो, सॉफ्टवेअरवाली पोरगी, हिला ड्रिलातलं काय डोंबल कळतंय. माल खराब आहे आणि ही जगाला दोष देतेय. पोटच्या पोरीबद्दल मी असं म्हणालो. मनातच म्हणालो, पण म्हणालो.

मग शेठने सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर आपलं जुनं तेच बरं. पैसेवाल्याची मीटिंग पुढच्या सोमवारी होती. मुलीकडे त्याला सांगायला काही म्हणजे काही नव्हतं. गुरुवारी मी घरात कुणाला न सांगता स्कूटर काढली आणि तळवड्यावरून म्हाळुंग्याला गेलो. कंटेनरांच्या रांगेतून, ती धूळ खात. जेवणाची सुट्टी चालू होती, मशिनं बंद. शागीर्द खिडकीत बसून डबा खात होता. मला बघून उठला, हात धुतले, जाळीचं दार उघडून मला आत घेतलं. बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

मी विचारलं, "काय रे, एवढी ड्रिलं कशी तुटतायत?"

त्याने खिडकी लावून घेतली. चेहरा हसरा. म्हणाला, "उस्ताद, बरं झालं आलाव. तुमाला एक दावायचं व्हतं."

कपाटाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर त्याने ओढला. आत तेलकट कागदात एकेक गुंडाळून, आकाराप्रमाणे ओळीने लावून ठेवलेली ड्रिलं. माझ्या मुलीच्या कंपनीची. कोरी. चाळीसच्या वर असतील.

"ही काय?" मी विचारलं.

"ठिवलेत. कुणालाच म्हाईत न्हाई, शेठला बी न्हाई." तो खाली बसून हलक्या आवाजात सांगायला लागला. "रागावू नका उस्ताद, पर असल्या कंपन्यांचं काय खरं असतंय? लई आल्या अन् गेल्या. उद्या पोरीची बंद पडली, ड्रिलं यायची थांबली, तर लाइन कशावर चालवायची? शेठ तुमच्या नावानं खडे फोडंल. म्हणून आलेल्यातली निम्मी ठिवत गेलो. पोरांना तिच्या झिजलेल्यालाच हातानं धार लावून द्यायलोय. आता दोन महिने कंपनी ऱ्हावो न ऱ्हावो, तुमच्या शब्दाला काय होत न्हाई."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शाबासकीची वाट बघत होता.

हे त्याला कुणी शिकवलं होतं? मी. नवं ड्रिल साध्या जॉबला लावायचं नाही. नवं ठेवून द्यायचं, अडीनडीला काढायचं. जुन्याला धार लाव, परत लाव, पार संपेपर्यंत चालव. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाच्या कानात मी हेच भरलं. आमच्या घरीही तेच. नव्या चादरी कपाटात, अंथरायला जुन्या. काचेचे कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की बायको म्हणणार, असू दे, घरचेच आहेत, स्टीलचे काढ. पण टूलरूममध्ये ही कंजुषी नव्हती. महिनाअखेर आली, पर्चेसची सही अडकली, अर्जंट लॉट दारात उभा आहे आणि मार्केटमध्ये माल नाही, अशा वेळी ज्याने एक ड्रिल मागे ठेवलंय तो लाइन वाचवतो. मी कितीदा वाचवली आहे. साहेब लोक पाठ थोपटायचे. चांगला स्टोअरवाला कोण, तर ज्याच्याकडे कुणाला माहीत नसलेला एक ड्रॉवर आहे तो.

"अरे मूर्खा!" मी ओरडलो. त्याच्यावर मी पंचवीस वर्षांत असा ओरडलो नव्हतो. "अरे, कपाटात पडलेलं ड्रिल होल मारतं का? होल पडलं तरच तिला पैसे आहेत! तू हाताने धार लावलीस, त्यावरचं कोटिंग उडालं, म्हणून तुटतायत ती! तिथे पोरगी भिंग लावून डोळे फोडतेय!"

त्याला आधी कळेचना. माल जपला तर तोटा कसा होईल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. आणि खरं सांगायचं तर मलाही तोपर्यंत ते नुसतं ऐकून माहीत होतं, आतून कळलं नव्हतं. मी परत पहिल्यापासून सांगितलं. सावकाश, धार लावायला शिकवताना सांगायचो तसं. मग त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे मीच बुडवली व्हय पोरीला?"

"आपण दोघांनी," मी म्हणालो.

तो पालथ्या क्रेटवर बसून राहिला. सुट्टी संपल्याची बेल झाली, खिडकीवर कुणीतरी थाप मारली, तरी उठला नाही. आम्ही दोघंही एकच विचार करत होतो. शेठला कळलं तर तो याला ठेवणं म्हणणार नाही, चोरी म्हणेल. चाळीस ड्रिलं लपवली म्हणजे दुसरं काय? पन्नाशीच्या स्टोअरवाल्याला चाकणमध्ये परत कोण उभा करतो? कुरुळीला भाड्याची खोली, बायको शिलाई करते, धाकटी मुलगी बारावीला. तो म्हणाला, "उस्ताद, पोरीला खरं ते सांगा. माझं काय व्हायचं ते व्हईल."

येताना सगळा रस्ता मी हिशोब घालत होतो. ड्रिलं गुपचूप वापरात आणली तर पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत दिसेल आणि कुणालाच काही कळणार नाही. पण सोमवारी मुलगी त्या माणसासमोर बसणार, तो विचारणार, असं का झालं, आणि ती काय सांगणार? माझी ड्रिलं खराब आहेत?

घरी आलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, एकच अट, त्याचं नाव बाहेर जाता कामा नये. मला वाटलं ती चिडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे विचारत गेली. किती ठेवली? कधीपासून? त्याला नक्की कशाची भीती वाटली? मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ड्रिल चांगलं आहे." आणि रडायला लागली. बायकोने तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

डोळे पुसून ती बाहेर आली. "बाबा, तो काही चुकला नाही. मागितल्यावर ड्रिल मिळेलच, याची त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने जमवलं. ती खात्री आम्ही द्यायला पाहिजे होती." तेव्हाच तिच्या डोक्यात ते कपाट आलं. सोमवारी पैसेवाल्याला तिने खरं काय ते सांगितलं, नाव न घेता, आणि त्या कपाटाचं चित्र काढून दाखवलं. मशिनच्या शेजारी उभं करायचं. ऑपरेटरने कार्ड लावायचं, जुनं ड्रिल आत टाकायचं, की नवं बाहेर येणार. माल कमी झाला की मेसेज थेट हिच्या ऑफिसला, लगेच भरायला गाडी. कधीच रिकामं नाही. मग कोण कशाला जमवून ठेवेल?

त्या माणसाला ड्रिलपेक्षा कपाटच जास्त आवडलं. शेठला काय सांगितलं, तर स्टॉकचा घोळ होता, सापडला. तो ड्रॉवर मी आणि शागीर्दाने मिळून मोकळा केला. तिसऱ्या महिन्यात एकही जॉब रिजेक्ट झाला नाही. कंपनी वाचली. मी सोसायटीत पेढे वाटले आणि वाचमनलासुद्धा होलचा धंदा समजावून सांगितला.

कपाट आलं तेव्हा ते लावायला शागीर्दच पुढे. दोन दिवस राबला. कुठल्या मशिनला कुठलं ड्रिल लागतं, कुठला ऑपरेटर हात जड ठेवतो, कुठल्या ओतीव कास्टिंगमध्ये माती राहिलेली असते, त्याला सगळं तोंडपाठ. मुलीचा मित्र शेजारी बसून ते लॅपटॉपमध्ये भरत होता. मुलगी मला म्हणाली, "बाबा, केवढं माहीत आहे या माणसाला!" मला फार बरं वाटलं. म्हटलं, शागीर्द कुणाचा!

आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो काय करतोय. त्याच्या स्वतःच्याही आलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

दीड महिन्याने गेलो तर जाळीची खोलीच नाही. तिथे नवं मशिन उभं. शागीर्द मागे पॅकिंगला, खोक्यांना टेप लावत होता. मी तडक शेठच्या केबिनमध्ये शिरलो. शेठ म्हणाला, "उस्ताद, ओरडता कशाला? कामावरून काढला का मी त्याला? पगार आहे तोच आहे. आता स्टोअरच उरलं नाही, तर स्टोअरवाला ठेवून काय करू? तुमच्याच पोरीचं कपाट आहे की."

मुलीला म्हटलं, त्याला कामावर घे. ती म्हणाली, "मी तुम्हाला हेच विचारणार होते." नवीन वर्कशॉपमध्ये जायचं, तिथलं स्टोअर बघायचं, काय लागतं काय नाही त्याची यादी करायची, कपाट भरून द्यायचं. पगार शेठपेक्षा बराच जास्त. मी रविवारी सकाळीच पेढ्यांचा बॉक्स घेऊन कुरुळीला गेलो. वाटेत मनात आलं, चला, शेवटी सगळं नीट लागलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. पेढा हातात तसाच. म्हणाला, "किती झाली वर्कशॉपं?"

"चार झाली. अजून येतायत."

"प्रत्येकात एक स्टोअरवाला असंल की."

मी म्हणालो, "असेल ना."

"कुणी ठेवणीतलं काय, कुठं ठिवलंय, त्ये माझ्यासारख्याला बरूबर कळंल. म्हणून मला घेताव." आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावतात तसा बोलत होता. "न्हाई उस्ताद. मी पॅकिंगलाच बरा हाय. टेप लावायची अन् घरी यायचं. दुसऱ्याच्या कमरंची किल्ली काढून घ्याया माझा हात न्हाई उठायचा. पोरीला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको. तिचं चांगलं चाललंय, मला आनंद हाय."

मग बायकोला म्हणाला, उस्तादांना चहा टाक. मी तो प्यालो.

त्याच्या जागी मुलीने दोन इंजिनियर पोरं पाठवून बघितली. हुशार पोरं, पण कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेली की स्टोअरवाला तोंडाला कुलूप लावायचा. विचारलं तेवढंच सांगायचा. यादी अर्धवट, कपाट चुकीचं भरलेलं, मग बोंबाबोंब. एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा जाल का? तुम्हाला सगळे ओळखतात." मी गेलो. एकदा गेलो, दोनदा गेलो, आणि आता आठवड्यातून चार दिवस जातो.

मला सगळे सांगतात. उस्ताद आले म्हणून स्टूल पुढे करतात, चहा मागवतात, गावाकडचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात. मग खिडकी लावून घेतात आणि आपण होऊन तो खालचा ड्रॉवर ओढतात. प्रत्येक स्टोअरमध्ये असतो. मी कौतुक करतो. खोटं नाही, मला खरंच कौतुक वाटतं. आकडे लिहून घेतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मुलीच्या ऑफिसला पाठवतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथे कपाट जातं. त्यानंतर मी त्या वर्कशॉपमध्ये परत जात नाही. मुलीला म्हणतो, रस्ता फार लांब पडतो.

उद्या तळवड्याला जायचंय. तिथला स्टोअरवालाही माझ्याच हाताखाली शिकलेला. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, उस्ताद, इतक्या वर्षांनी येताय, जेवूनच जा, घरून दोन डबे आणतो.